सातबारा वाचायला वाचनालयात कशाला यायचं?

या हिवाळ्यात आमच्या वाचनालयात एक काकाजी आले. साठी ओलांडलेले, सात एकर कोरडवाहूचे कास्तकार. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं शिरतात म्हणून रोज रात्री जागलीवर. मचाणावर डोळा लागू नये म्हणून त्यांना पुस्तक पाहिजे होतं, बॅटरीच्या उजेडात दिसेल अशा मोठ्या अक्षराचं. मी मोठ्या हौसेनं एक कादंबरी काढून दिली. शेतकऱ्याच्या जगण्यावरची, पुरस्कार मिळालेली, 'अस्वस्थ करणारी' म्हणून परीक्षणांत वाखाणलेली. नापिकी, कर्ज, बँकेची नोटीस, सगळं होतं त्यात. तिसऱ्या दिवशी काकाजींनी ती टेबलावर आणून ठेवली.

"बाई, याच्यात तं माहाच सातबारा हाय. तो मी तलाठ्यापासून आनतो. तुमच्यापासून दुसरं काई द्या."

"दुसरं म्हणजे कसं, काकाजी?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्पर्धा परीक्षेची दोन पोरं बसली होती. काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि म्हणाले, "राजा-रानीचं. जादूबिदूचं."

तो उतरलेला आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

आमचं वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. आर्वी तालुक्यातलं वर्धा नदीकडचं गाव, ग्रामपंचायतीची जुनी खोली, तीन लोखंडी कपाटं, एक पंखा. ग्रंथपाल मी, शिपाई मी, झाडूवालीही मीच. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. माणूस काय मागतो याच्याइतकंच तो कोणत्या पट्टीत मागतो हेही ऐकावं लागतं. कलामांचं चरित्र मागणारा दारातूनच ओरडून मागतो. प्रेमाची कादंबरी मागणारी बाई आधी पावसाचं बोलते, मग पोराच्या शाळेचं, आणि पायात चप्पल घालता घालता म्हणते, "अन् तसलं एखादं असन तं ठेवजा." अद्भुत, शृंगार, भूतप्रेत, राजकन्या, पुनर्जन्म हे सगळं आमच्याकडे 'तसलं'. गंमत म्हणजे कपाटातली सगळ्यात झिजलेली पुस्तकंही तसलीच. त्यांच्या मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरते, वर दुसरी चिकटवावी लागते, आणि शिलाई सुटली की मीच सुई-दोरा घेऊन बसते.

माझं म्हणणं असं की गावच्या वाचनालयानं तसलं उघडपणे विकत घ्यावं, उघडपणे सुचवावं, आणि सुचवणाऱ्यानं ते आधी स्वतः वाचलेलं असावं. तिसरी अट सगळ्यात जड आहे. तिच्याकडे नंतर येते.

आधी, आम्हाला सध्या काय सुचवलं जातं ते सांगते. विदर्भातलं खेडं म्हटलं की पुस्तकं पाठवणाऱ्याच्या डोळ्यापुढं दोनच माणसं उभी राहतात. एक, फास लावून घेणारा शेतकरी. दोन, त्याचा कलेक्टर होऊ पाहणारा पोरगा. देणगीचं खोकं फोडलं की वरच्या थरात यशाचे मंत्र आणि खालच्या थरात दुष्काळ. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी टेबलावर पांढरी चादर घालून पुस्तकं मांडायची, फोटो काढायचा. मांडायची कोणती? शास्त्रज्ञ, समाजसुधारक, अधिकारी. एका वर्षी मी त्यात एक प्रेमाची कादंबरी ठेवली. फोटोच्या आधी समितीतल्या एका सद्गृहस्थांनी ती अलगद उचलून कपाटात परत ठेवली. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पाहुणे यायच्या आधी दोरीवरचे कपडे काढावेत, तसं.

माझा खेड्यातल्या कष्टांच्या कादंबरीशी दावा नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची. त्यातली नायिका कौतिक मला माझ्या आजीसारखी वाटते आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचते. पण ती पुण्या-मुंबईच्या वाचकाला जास्त गरजेची आहे. त्याला कौतिक पुस्तकातच भेटणार. आमच्याकडे ती दर मंगळवारी बचत गटाच्या मीटिंगला येते. आणि एक गोष्ट समीक्षक जरा घाईनं सांगून पुढं जातात. याच शेळक्यांनी पोटासाठी पुष्कळ लोकप्रिय कादंबऱ्याही लिहिल्या. त्या लिहिल्या म्हणून लेखक वाया गेला असं हळहळून बोलतात. त्या कोण वाचत होतं, आणि त्या वाचणाऱ्या बायांच्या दुपारी कशा जात होत्या, हे कोणी विचारत नाही.

आता नदीपलीकडचं बोलू. वर्धेच्या त्या काठावर, तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. तिथून दर वर्षी तिची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते आणि आमच्या गावातल्या बाया नदी ओलांडून दर्शनाला जातात. तिची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच तिच्यात काय आहे ते कोणाच्या लक्षात येत नाही. घरच्यांनी, म्हणजे भावानं, शिशुपाल ठरवलेला. मुलीनं ज्याला पाहिलेलंही नाही त्याच्यावर, नुसत्या ऐकीव कीर्तीवर, मन बसवलेलं. मग चोरून पत्र. पत्रात बेत अगदी नीट आखलेला: लग्नाआधी कुळाचाराप्रमाणे मी अंबिकेच्या देवळात जाईन, तिथून मला घेऊन जा. नायक वेळेवर येतो, मुलगी रथात, भाऊ मागं धावतो. महानुभावांच्या नरेंद्रानं तेराव्या शतकात यावर काव्य लिहिलं. एकनाथांनी १५७१ मध्ये अठरा प्रसंगांचं 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं, आणि लग्न जुळावं म्हणून मुलींना त्याचं पारायण करायला लावायची चाल आजही आहे.

आमच्याकडे एक मुलगी यायची. बी.ए. झालेली, स्थळं पाहणं चालू. कादंबरी नेताना ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायची, आणि कव्हर असं घालायची की सोयाबीनच्या भावाचा तक्ता बरोबर वर यावा. कोणी पाहिलं तर वाटावं, पोरगी बाजारभाव वाचते. एक दिवस तिची आई आली आणि मला फैलावर घेतलं. तुम्ही पोरीला असली पुस्तकं देता, तिच्या डोक्यात नाही नाही ते भरतं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी ऐकून घेतलं. जाताना त्याच बाईंनी विचारलं, "रुक्मिणीस्वयंवर हाय का तुमच्यापाशी? पोरीले पारायनाले बसवाचं हाय."

मी काढून दिलं. तोंडातून एक शब्द निघाला नाही. तेव्हा धीर झाला नाही, तो आता लेखात करते आहे.

कोणी म्हणेल, ते भक्तीचं पुस्तक आहे, त्याची बरोबरी कशाला करता? बरोबरी करत नाही. एकनाथांना त्यात जीव-शिवाचं लग्न दिसत होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण पत्र पोचेल का, कृष्ण वेळेवर येईल का, ही धाकधूक ज्या पोरीला होत नाही तिच्यापर्यंत अध्यात्म तरी कुठून पोचणार? संतांना हे कळत होतं. वाचनालय समितीला कळायला काय हरकत आहे?

आणि ही एकच गोष्ट नाही. दमयंतीही विदर्भाचीच राजकन्या. महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान घ्या. बोलणारा हंस नळाची तारीफ करायला उडत येतो, हे झालं अद्भुत. पुढं स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन त्याच्या शेजारी बसतात. पाच नळ, हुबेहूब. दमयंतीनं खरा कसा ओळखावा? देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, सावली पडत नाही आणि पाय जमिनीला लागत नाहीत. पाचव्याला घाम आला होता, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ होती, पाय जमिनीवर होते. तिनं त्याच्या गळ्यात माळ घातली.

अद्भुत कथा माणसाला वास्तवापासून पळवते, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते. चार देव समोर बसलेले असताना ती घाम येणारा निवडते. वास्तवाची एवढी बारीक पारख मला कित्येक वास्तववादी कादंबऱ्यांत सापडली नाही. त्यांत घाम पानोपानी असतो. त्याच्यासाठी कोणी देव नाकारलेला नसतो.

तसं पाहिलं तर आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो तो शब्द तरी कुठला? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या पुस्तकाचं, त्यातल्या नायिकेचं नाव. आणि त्यात आहे काय? गोष्ट सांगणारा पोपट, शाप, मेलेले प्रेमिक, पुढच्या जन्मात पुन्हा जुळणाऱ्या जोड्या. आजच्या भाषेत पक्कं तसलं. समितीच्या ठरावात 'दर्जेदार कादंबऱ्या खरेदी कराव्यात' असं वाक्य येतं तेव्हा मला तो पोपट आठवतो.

आमच्या पूर्वेला, वैनगंगेच्या खोऱ्यात, दिवाळी ते होळी झाडीपट्टीची नाटकं रंगतात. वडसा हे त्यांचं ठाणं. रात्रभर चालणारं नाटक, त्यात प्रेम, ताटातूट, खलनायक, गाणी, आणि तिकीट काढून सहकुटुंब बसलेला कास्तकार उघड रडतो. तिथं कोणी आवाज उतरवत नाही. हाच माणूस पुस्तक मागताना का लाजतो? मला वाटतं, पुस्तकाला आपण शाळेचा वास लावून ठेवला म्हणून. नाटक मजेसाठी, पुस्तक सुधारण्यासाठी. ज्याला सुधारायचं नाही त्यानं वाचनालयाची पायरी चढू नये, अशी अदृश्य पाटी आम्हीच दारावर ठोकली आहे.

समितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. ते म्हणतात, अनुदान जनतेचं. वर्षाकाठी येणारी रक्कम मूठभर. त्यात पोरांना अभ्यासाची पुस्तकं घ्यायची की प्रेमाच्या कादंबऱ्या? प्रश्न खोटा नाही. त्या दोन पोरांच्या पुस्तकाला मी कधी कात्री लावणार नाही. पण १९६७ चा कायदा 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम' आहे, 'स्पर्धा परीक्षा अभ्यासिका अधिनियम' नाही. सार्वजनिक म्हणजे ती बाजारभावाचं कव्हर घालणारी मुलगीसुद्धा, आणि मचाणावरचे काकाजीसुद्धा. त्यांच्या नावावर वाचक म्हणून आपण अनुदान घेतो आणि पुस्तक घेताना त्यांना विचारत नाही.

माझ्या बाजूचे लोकही एक वाक्य बोलतात, ते मला मुख्याध्यापकांच्या आक्षेपापेक्षा जास्त खटकतं. "वाचू द्या हो, यातूनच पुढं चांगल्या साहित्याकडे वळतील." म्हणजे प्रेमकथा ही पायरी आणि वर कुठंतरी माडी. मी वर्षानुवर्षं पाहते आहे, काही वळतात, बरेच वळत नाहीत. आमची अंगणवाडी सेविका वीस वर्षं प्रेमकथाच वाचते आहे. आता तिला पहिल्या दहा पानांत कळतं की लेखिकेनं मन लावून लिहिलंय की पानं भरली आहेत. ती मला सांगते आणि मी त्यावर खरेदी करते. तिला कुठं वळवायचं आहे?

आता तिसऱ्या अटीकडे, कारण इथं माझीही बाजू लंगडी आहे. तसलं सगळं चांगलं नसतं. पुष्कळ वाईट असतं, आणि काही घातक असतं.

आज आमच्या गावातली खरी प्रेमकथा कपाटात नाही, मोबाईलवर आहे. गोष्टी लिहायचं-वाचायचं ॲप प्रतिलिपी २०१४ मध्ये सुरू झालं. त्यावरच्या मराठी मालिका मुली पऱ्हाटी वेचून आल्यावर, भाकरी टाकता टाकता वाचतात. करार लग्न, गर्विष्ठ श्रीमंत नायक, गरीब नायिका, इच्छाधारी नाग, मागच्या जन्मीची शपथ. भाग रोज येतो आणि नेमका थोबाडीत मारण्यापाशी संपतो. मी यातलं बरंच वाचलं आहे, लाज न बाळगता सांगते, रात्री दोन दोन वाजेपर्यंत. काही लिहिणाऱ्या बायांचा हात असा सफाईदार असतो की शहरातल्या लेखकांनी शिकावं. पण त्यात एक नायक वारंवार भेटतो. तो तिला कोंडतो, हात उगारतो, फोन तपासतो, आणि पन्नासाव्या भागात कळतं की हे सगळं प्रेमापोटी होतं. खेड्यात हा नायक काल्पनिक नाही. तो पाणंदीवर मोटारसायकल आडवी लावून उभा असतो.

त्या आईचा राग म्हणून अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण तिनं काढलेला उपाय चुकीचा होता. पुस्तक बंद केलं की मुलगी फोन उघडते, आणि फोनमध्ये तिला "हा नायक मला पटला नाही" असं म्हणायला शेजारी कोणी नसतं. वाचनालयात मी असते. पुस्तक परत घेताना मी विचारते, "यानं तुझा हात असा धरला असता तर?" एक म्हणाली, "मी तं चावली असती, बाई." आणि तिनं त्याच लेखिकेची दुसरी कादंबरी नेली. मला यात काही विसंगत वाटत नाही.

बंदीचा मार्ग आपण वापरून पाहिलेला आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये न्यायालयानं ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. निर्णय देण्याआधी न्यायमूर्तींना ती कथा वाचावी लागली. गावोगावच्या समित्यांनी एवढं जरी केलं तरी माझं अर्धं भांडण मिटेल. न वाचता नाकारणारा आणि न वाचता सुचवणारा, दोघेही सारखेच निरुपयोगी.

सुचवायचं कसं, याची मला रीत अशी काही सापडलेली नाही. वर्गीकरणाचा उपयोग होत नाही. दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा आकडा आहे. त्या एका आकड्याच्या पोटात शेळकेही आले, राजकन्याही आली आणि भुताचा वाडाही आला. आकडा बघून कोणाला काय आवडेल ते कळत नाही. मी पहिला प्रश्न विचारते, "अर्ध्यात सोडलं असं शेवटचं पुस्तक कोणतं?" आवडलेलं विचारलं की लोक मोठमोठी नावं सांगतात. सोडलेलं विचारलं की खरं बोलतात. बायांचा मला उलटा प्रश्न ठरलेला असतो, "मरते का कोनी?" मी खरं उत्तर देते. शेवट फोडू नये वगैरे नियम इथं चालत नाहीत. घरात नुकतं कोणी गेलं असेल तर तिला शेवट आधी माहीत असायला हवा. आणि एक म्हातारी आहे, ती दर वेळी विचारते, "रडू येते काय?" मी म्हणते, येते. "मंग दे." तिला रडायला घरात जागा नाही. पुस्तकाच्या आड रडली तर सुना म्हणतात, बुढी वाचून राहिली.

पुरुषांना प्रेमकथा सरळ सुचवता येत नाही, एवढंही मान्य करते. त्यांना ऐतिहासिक म्हणून द्यावी लागते. वेष्टणावर घोडा असला की नेतात, आत निम्म्या पानांत विरह असला तरी तक्रार येत नाही. उलट तरण्या पोरांना अद्भुत कादंबरी लाज न वाटता देता येते, विशेषतः हॅरी पॉटर मराठीत आल्यापासून. परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेल्या एका पोराला मी जादूगारांची जाडजूड मालिका दिली. त्यानं आठ दिवस अभ्यासाचं पुस्तक उघडलं नाही, म्हणून त्याचे वडील माझ्यावर चिडले. मला ते आठ दिवस त्याला मिळाले याचंच बरं वाटलं.

अद्भुत कादंबऱ्यांच्या बाबतीत एक शुद्ध व्यवहाराची अडचण आहे, ती खरेदी करणाऱ्यांनी डोक्यात घ्यावी. ही पुस्तकं मालिकेत येतात. यादीवरून पुस्तकं घेताना कोणीतरी पहिला भाग घेतो, पुढच्या वर्षी कोणीतरी भलताच भाग घेतो, आणि दाखल नोंदवहीत दोन्ही अंक छान चढतात. वाचकाचं काय होतं? नायक विहिरीत उतरतो, पुस्तक संपतं, आणि पुढच्या पुस्तकात तो घोड्यावर असतो. पूर्ण मालिका घ्या नाहीतर घेऊच नका.

काकाजींना मी त्या दिवशी नाथमाधवांची 'वीरधवल' दिली होती. १९१३ सालची, आमच्याकडे तिची जुनी, बाइंडिंग केलेली प्रत आहे. भाषा जड जाईल अशी मला भीती होती. चार रात्रींत संपवली. नंतर मी त्यांना अलीकडच्या एका अद्भुत मालिकेचा पहिला भाग दिला आणि तिथं फसले, कारण आमच्याकडे पहिला आणि तिसराच आहे. ते आता एक दिवसाआड येतात. आवाज उतरवत नाहीत, दारातूनच विचारतात, परीक्षेची पोरं मान वर करून हसतात. समितीची सभा लांबली म्हणून दुसरा भाग मी माझ्या पैशानं मागवला आहे. पार्सल आर्वीपर्यंत पोचलंय. हरभरा निघायला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात ते गावात आलं पाहिजे, कारण एकदा जागल संपली की काकाजी रात्री झोपणार.